शून्य सेकंद थांबा

...नाही नाही, बर्फी घ्या हो, अजून एक घ्या, मुलगी झालीय मला, पहिली बेटी धनाची पेटी, सगळं मान्य, पण आधी मला एक सांगा, शून्य म्हणजे काय? हसू नका! मलाही हसू यायचं आधी. तुम्हाला सांगतो, मी शाळेत गणितात पहिला यायचो, इंजिनिअर झालो, बेंगळुरूला आलो, इथे सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला, लग्न केलं, आणि आज या वयात मला शून्य म्हणजे काय ते कळत नाही! आणि काम काय होतं? दोन ओळींची कॉमेंट! कोड नाही हं... कॉमेंट!

आता तुमच्यातले अर्धे जण माना डोलावतायत आणि अर्धे 'हा कशावर बोलतोय' म्हणून घड्याळ बघतायत. सांगतो. कोड म्हणजे मशीनला दिलेली आज्ञा, बरोबर? आणि कॉमेंट म्हणजे त्या आज्ञेच्या शेजारी आम्ही माणसांसाठी लिहून ठेवतो ते, की बाबा रे, ही आज्ञा असं असं करते. मशीन कॉमेंट वाचत नाही. तिकडे ढुंकून बघत नाही! मग माणसं वाचतात का, तर तीही वाचत नाहीत, तो भाग वेगळा. म्हणजे मशीन वाचत नाही, माणूस वाचत नाही, अशा दोन ओळी मला लिहायच्या होत्या, आणि त्या लिहिल्या की मला रजा! नागपूरला जायची! लेकीच्या बारशाला!

हो, गौरी बाळंतपणाला माहेरी गेलेली ना. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं, त्यात वाद नाही. मुलगी झाली, मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. काय पाहिली? कपाळ पाहिलं! नेटवर्क असं की कपाळ दिसायचं आणि मग गोल गोल फिरणारं चक्र. मी आपला त्या चक्राकडे बघून 'अले लेले' करतोय आणि पुढून कॅबवाला आरशातून माझ्याकडे बघतोय! आता रविवारी बारसं ठरलं. माझी बहीण शलाका पुण्याहून निघायच्या तयारीत, आत्या ना ती, नाव तीच ठेवणार. सगळे येणार. प्रश्न फक्त बापाचा!

गेलो मी आमच्या मॅनेजरकडे. आमचं ऑफिस हेब्बाळला, हो, मी सर्जापूर रोडहून हेब्बाळला, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो, नका दाखवू ती सहानुभूती, सवय झालीय. मॅनेजर त्रिविक्रम. माणूस सोन्यासारखा. इथलाच, सगळ्यांशी 'मगा, मगा' म्हणजे 'पोरा, पोरा' करत गोड बोलतो, कुणाला नाही म्हणत नाही, आणि हो पण म्हणत नाही. म्हणाला, "अरे मगा, बेबी का फंक्शन! जाना ही है! शुक्रवार से ले ले छुट्टी. बस, निकलने से पहले एक छोटा काम... एक कॉमेंट क्लियर करना है. सिंपल! स्वल्प दो लाइन." मी म्हटलं, एवढंच? मी तर आनंदानं त्याचा हात धरून हलवला हो! गाढव मी!

आता ज्या कोडाच्या तुकड्यावर ही कॉमेंट, त्याला आम्ही पण फंक्शनच म्हणतो, ते काय करतं ते ऐका, सोपं आहे. आमचा डेटाबेस सर्व्हर म्हणजे मोठं कोठार, लोकांच्या नोंदी ठेवायचं. एकच नोंद एकाच वेळी दोघांना हवी असली तर एक आत जातो, दुसरा बाहेर थांबतो. आपल्या घरी बाथरूमचं असतं तसं. एक जण आत, तुम्ही टॉवेल घेऊन बाहेर. तर हे फंक्शन म्हणजे टॉवेलवाला माणूस. त्याला आपण सांगायचं, इतके सेकंद थांब, नाही उघडलं दार तर परत ये. दहा सांगा, दहा सेकंद थांबतो. तीस सांगा, तीस थांबतो. गुणी आहे. पण शून्य सांगितलं तर?

...बघा! तुम्ही म्हणालात 'थांबायचंच नाही'. आणि तुम्ही मागून म्हणालात 'थांबतच राहायचं'. झालं! हीच आमची कंपनी!

आमचं छापील मॅन्युअल म्हणतं, शून्य म्हणजे थांबू नका, लगेच परत या. कोडशेजारची कॉमेंट म्हणते, शून्य म्हणजे दार उघडेपर्यंत थांबा, हवं तर जन्मभर. दोन्ही आमचंच, एकाच कंपनीचं, वर्षानुवर्षं शेजारी नांदतंय, कुणाची तक्रार नाही. का? कारण कुणी वाचलंच नाही! आणि मग एका गिऱ्हाइकानं मॅन्युअल वाचलं. अहो, कोण वाचतं मॅन्युअल? पण हे बसची तिकिटं विकणारे लोक, त्यांनी ओळन् ओळ वाचलं, विश्वास ठेवला, मॅन्युअलवर विश्वास ठेवला हो, घातलं शून्य... आणि त्यांचा टॉवेलवाला बाथरूमबाहेर उभा राहिला तो राहिलाच. त्याच्यामागे दुसरा. त्याच्यामागे तिसरा. तिकीटखिडकी बंद, बस उभी, लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर! आला फोन.

मी म्हटलं, त्रिविक्रम, मग कोड दुरुस्त करू ना. तर तो खुर्चीतून अर्धा उठला! "कोड? बेडा, बेडा! कोड को हाथ मत लगा! इतने सारे कस्टमर का चल रहा है. कोड करेक्ट है." म्हटलं, करेक्ट म्हणजे काय करतो तो? म्हणाला, "वही तो तुझे लिखना है."

कळलं? कोड बरोबर आहे. काय बरोबर आहे ते मी शोधून लिहायचं! म्हणजे जावई चांगला आहे, फक्त काय करतो ते कुणाला माहीत नाही! आणि काम काय? दोन ओळींची कॉमेंट!

बसलो मी कोड वाचायला. म्हटलं, शेवटी कोड खोटं बोलत नाही. तर कोडात लिहिलंय, शून्य आलं तर सर्व्हरची जी सर्वसाधारण सेटिंग असेल तितकं थांब. वा! म्हणजे मॅन्युअलही चूक, कॉमेंटही चूक, तिसरंच सत्य! मी मनात बॅग भरली. मग म्हटलं बघू तरी, ही सर्वसाधारण सेटिंग असते किती? बघितलं. शून्य! आता सेटिंगमधलं शून्य म्हणजे काय? ते दुसऱ्या एका फंक्शनमध्ये. गेलो तिकडे. तिथे कॉमेंट, "शून्याच्या अर्थासाठी पहिलं फंक्शन पाहावं." अहो! सरकारी कचेरीत तरी दोन खिडक्यांच्या मधे चहाची टपरी असते! मी या फंक्शनातून त्या फंक्शनात, त्या फंक्शनातून या फंक्शनात, शेवटी मान दुखायला लागली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, चालवून बघायचं. बघितलं! माझ्या मशीनवर शून्य दिलं, पठ्ठ्या लगेच परत आला. मी टाळी वाजवली. शेजारी आमची मैत्रेयी बसते, टेस्टर, पक्की पुण्याची. तिच्या मशीनवर दिलं... गेला तो गेलाच. आम्ही खाली जाऊन कॉफी पिऊन आलो, तरी उभा! मी म्हटलं, मैत्रेयी, तुझ्या मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे. झालं! "हे बघ क्षितिज, माझ्या मशीनमध्ये गडबड नसते. तुझ्या मशीनवर लवकर येतो ही गडबड असू शकते. मला जे दिसलं ते मी सांगणार. तुला आवडेल ते दिसायला हवं, असं माझ्या कामाच्या स्वरूपात नाही." बरोबरच होतं तिचं! हाच तर त्रास आहे, सगळ्यांचंच बरोबर!

मग कुणीतरी म्हणालं, ज्यांनी ते फंक्शन लिहिलं त्या उल्हासकाकांना विचार. रिटायर होऊन जयनगरला असतात. त्यांची मराठी मंडळी पिढ्यान् पिढ्या इथेच, मराठी अशी की मधेच कन्नडचा डबा उघडतात. गेलो. दार उघडून, "बन्नी बन्नी, या, बसा की!" मी म्हटलं, काका, तुमच्या त्या फंक्शनात शून्य म्हणजे काय हो? काकांचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांच्या मुलीला स्थळ आणलंय. "ते? ते मीच लिहिलं की! भारी काम केलेलं बघा!" म्हटलं, हो काका, पण शून्य? डोळे मिटले. मोठा श्वास घेतला. मी पुढे सरकून बसलो. म्हणाले, "शून्य म्हणजे नोडी, बघा... थांबायचं नाही." मी लिहून घेतलं. "...म्हणजे उगीच थांबायचं नाही. थांबायचं असलं तर थांबायचंच की!" म्हटलं, काका, कधीपर्यंत? "होईपर्यंत!" काय होईपर्यंत? "ते आता गोत्तिल्ला बघा, आठवत नाही. पण लिहिलं तेव्हा सरी, बरोबर होतं." आतून काकू म्हणाल्या, "यांना काय विचारताय हो! परवा म्हटलं, दुधाजवळ स्वल्प थांबा. थांबले. दूध उतू गेलं तरी थांबलेच!" मला त्या घरातून निघताना भरून आलं. फंक्शन काकांवरच गेलं होतं हो, अगदी स्वभावासकट!

शेवटी मी आपलं, जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. 'शून्य दिल्यास सर्व्हरच्या सेटिंगप्रमाणे थांबतं. सेटिंगही शून्य असल्यास लगेच परत येतं किंवा दार उघडेपर्यंत थांबतं, तरी काळजी घ्यावी.' पाठवलं तपासायला. आमच्याकडे पद्धत अशी की तिघांनी हिरवी खूण केल्याशिवाय काही आत जात नाही. कोड असो नाहीतर कॉमेंट. आणि कोडावर कुणी बोलत नाही महाराजा, कोड कळायला लागतो! कॉमेंट मात्र सगळ्यांना कळते!

मैत्रेयी म्हणाली, "'थांबतं' असं ठाम लिहू नकोस. 'सहसा थांबतं' लिही." लिहिलं. मॅन्युअल लिहिणाऱ्या खात्यातला ईशान, मुंबईचा, माझी कॉमेंट तोच पुढे मॅन्युअलात छापणार, त्याचा फोन. "अरे बॉस, 'सहसा' काय? कस्टमरला टेन्शन नाय द्यायचं. तो बोलेल, पैसे दिले आणि सहसा? काढ ते." काढलं. मैत्रेयीनं हिरवी खूण परत घेतली. मी 'सहसा' घातलं. ईशाननं परत घेतली. मग त्रिविक्रम, हसत हसत, "क्षितिज, 'लगेच परत येतं' मत लिख. जिनका नहीं आता वो केस करेंगे. और 'थांबतं' भी मत लिख. जिनका आता है वो पूछेंगे हमारा क्यों नहीं थांबता." म्हटलं, मग लिहू काय? "क्लियर लिख ना! क्लियर, लेकिन कमिट मत कर!" आणि बुधवार उलटला, गुरुवार आला, 'सहसा' आत, 'सहसा' बाहेर, झोपेत मी 'सहसा, सहसा' पुटपुटतोय... आणि काम काय? दोन ओळींची कॉमेंट! मशीन वाचतही नाही अशी!

आणि नेमका त्या गुरुवारी गौरीचा फोन. मागे बाळ रडतंय, सासरे उमाकांतराव त्यांच्या नागपुरी सुरात विचारतायत, "काय म्हणते? येऊन राहिले का जावईबापू?" गौरी म्हणाली, "क्षितिज, मला फक्त एवढं सांग. रविवारी बारशाला येणार आहेस की नाही? हो की नाही?" आणि मी, तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून निघालं...

"सहसा, हो."

बाळसुद्धा रडायचं थांबलं! मग गौरी हळू आवाजात म्हणाली, "सहसा म्हणजे?" आता गप्प बसावं ना माणसानं? मी म्हणतो, "म्हणजे... बहुतेक प्रसंगी." "किती बारशी आहेत रे तिची?" आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे काय, कापलाच! अहो, चिडली असती तर बरं झालं असतं! तिचा आवाज रडवेला होता हो. आणि मला फार वाईट वाटलं, कारण माझ्या मनात हो होतं, पूर्ण हो, नुसतं हो! ते तोंडापर्यंत येताना कुठल्या खात्यातून तपासून आलं कोण जाणे.

शुक्रवारी सकाळी मी ठरवलं, आता जो जे म्हणेल ते काढायचं. काही घालायचं नाही, नुसतं काढायचं. ईशान म्हणाला 'सहसा' काढ, काढलं. मैत्रेयी म्हणाली, मग 'थांबतं' पण काढ. काढलं. त्रिविक्रम म्हणाला 'लगेच' काढ. काढलं. 'दार' काढलं, 'सेटिंग' काढली, पिठल्यातून गुठळ्या काढाव्यात तशी एकेक वेचून काढली, आणि शेवटी जे उरलं ते वाचून दाखवतो. "शून्य दिल्यास काळजी घ्यावी."

संपलं! आणि काय सांगू, खटाखट तीन हिरव्या खुणा! मैत्रेयी म्हणाली, "यात चुकीचं काही नाही." ईशान म्हणाला, "बॉस, एकदम सुटसुटीत!" त्रिविक्रमनं पाठ थोपटली, "सूपर मगा! अब क्लियर हुआ!"

मी पळालो. हेब्बाळला ऑफिस असल्याचा एकच फायदा, विमानतळाचा रस्ता तिथूनच जातो. आणि पोचलो हो नागपूरला! बारशाला पोचलो! गौरीनं दारात पाहिलं आणि सरळ बाळ माझ्या हातात दिलं. अख्खं बाळ! कपाळासकट, खाली नाक, हनुवटी, इवलाले हात, कुठेही चक्र फिरत नाही! मग पाळणा झाला, शलाकानं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि नाव आलं, नीला. बस्स. नीला! एक शब्द! कुणी 'सहसा नीला' म्हटलं नाही, कुणी 'काही प्रसंगी नीला' म्हटलं नाही, कुणाची हिरवी खूण लागली नाही. घुगऱ्या खाता खाता माझ्या डोळ्यात पाणी आलं. सासूबाईंना वाटलं, तिखट झाल्या.

निघताना गौरी दारापर्यंत आली. म्हणाली, "पुन्हा केव्हा येशील?" तिच्या चेहऱ्यावर होतं ना, की आता हा काहीतरी गुळमुळीत बोलणार. आणि मी, या क्षितिजनं, ताठ उभं राहून सांगितलं, "पुढच्या शनिवारी. सकाळच्या विमानानं. नक्की." सासरे म्हणाले, "वा! याला म्हणतात बोलणं!" गौरी हसली हो. किती दिवसांनी हसली! मी बेंगळुरूला परत आलो तो तरंगतच.

आणि शुक्रवारी फोन. त्रिविक्रमचा. त्या बसवाल्यांबद्दल. त्यांनी नवीन मॅन्युअल वाचलं! ओळन् ओळ! आणि विचारतायत, "काळजी घ्यावी म्हणजे नक्की कोणती काळजी?"

शनिवारी मीटिंग. मैत्रेयी, ईशान, त्रिविक्रम आणि मी. विषय, काळजी. 'योग्य ती काळजी' की 'पुरेशी काळजी'? काम काय? आता तर एकच ओळ! एका ओळीची कॉमेंट!

संध्याकाळी गौरीला फोन केला. तिनं नीलाला सकाळपासून नवं झबलं घालून ठेवलं होतं. मी म्हटलं, गौरी, मी खरंच नक्की म्हणालो होतो गं. ती म्हणाली, "हो रे, अगदी स्पष्ट म्हणाला होतास. म्हणून तर सगळ्यांना सांगून बसले." मी म्हटलं, पुढच्या वेळी आणखी स्पष्ट सांगतो. ती म्हणाली, "स्पष्ट नको सांगूस क्षितिज. खरं सांग."

आता काय सांगू तिला? आमच्या खात्याचं काम फक्त स्पष्ट करायचं. खरं करायचं खातं वेगळं आहे... आणि तिथे कुणी फोन उचलत नाही!